तबकडीवर न आलेली नावं

‘अलबेला’तल्या ‘दीवाना ये परवाना’ या गाण्याची ७८ आरपीएमची तबकडी मला सीताबर्डीवर जुन्या सामानात मिळाली. लेबलवर चित्रपटाचं नाव आहे, गायकांची आहेत, संगीत दिग्दर्शक म्हणून सी. रामचंद्र आहेत. ट्रंपेट कोणी वाजवला, ते नाही.

पडद्यावर मात्र तो माणूस दिसतो. १९५१ च्या या चित्रपटात आपला बँड घेऊन प्रत्यक्ष आलेले हे चिक चॉकलेट. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणं. मुंबईत त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांनी जॅझच्या स्वतंत्र तबकड्याही काढल्या आणि त्यांवर बँडचं नाव ‘चिक’वरूनच छापलं गेलं. म्हणजे माणूस तोच, ट्रंपेट तोच. जॅझ वाजवलं की नाव छापायचं, सिनेमात वाजवलं की नाही.

हे त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आलं नव्हतं. ‘महल’च्या (१९४९) तबकडीवर तर खुद्द लताबाईंच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. मग ट्रंपेटवाल्याला कोण विचारतो?

गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या शिदोरीवर ही मंडळी मुंबईला आली. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड ताजमध्ये आला. पुढे पियानिस्ट टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या बँडमध्ये फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोवेकर जॅझ शिकले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर क्लबांची रया गेली, आणि स्टुडिओ हाच मोठा आधार उरला. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणारे बहुधा हेच लोक.

आपले अण्णा चितळकर (‘आपले’ अशासाठी, की त्यांनी गाण्याचे धडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडेही घेतले होते) या वादकांकडे मोकळ्या कानाने गेले. चिक त्यांचे सहायक होते. चाल अण्णांचीच, यात मला शंका नाही. पण ‘अलबेला’ची जी झिंग आपण अण्णांच्या नावावर जमा करतो, तिच्यात या वादकांच्या फुंकरीचा वाटा किती, हे लेबल कधीच सांगणार नाही. ते वादकांनाच विचारावं लागतं.

विचारलं गेलं, पण उशिरा. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांशी बोलून लिहिलेलं पुस्तक २००८ चं, नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ २०१२ चं. फ्रँक फर्नांड थकलेल्या वयात का होईना, बोलले. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांच्यावर अशोक राणे यांनी माहितीपट केला. चिक १९६७ सालीच गेले. त्यांच्याविषयी आपण जे वाचतो, ते दुसऱ्यांनी सांगितलेलं.

अशा मुलाखतींवर किती विसंबायचं? ‘तो तुकडा माझा’ हे वाक्य उतारवयातले अनेक वादक म्हणतात. एकाच्या शब्दावर मी चाल कोणाच्या नावे करणार नाही. पण खोलीत कोण बसलं होतं, कागद कोणी लिहिला, पैसे कोणी आणि कसे दिले, या गोष्टी माणूस सहसा खोट्या सांगत नाही. आणि त्या दुसरीकडे कुठेही नोंदलेल्या नसतात.

मला स्वरलेखन वाचता येत नाही. म्हणून ही तबकडी मी आमच्या भागातल्या, लग्नात ट्रंपेट वाजवून निवृत्त झालेल्या एका बुजुर्गांना ऐकवली. डोळे मिटून त्यांनी बोटं मांडीवर हलवली. कोण वाजवतंय, विचारलं. मी नाव सांगितलं.

“चॉकलेट? असं कुठं नाव राह्यते का जी?” ते हसले. मग म्हणाले, तरुणपणी त्यांनीही दोन-तीन कॅसेटींसाठी वाजवलं होतं. त्या कॅसेटींवर कोणाचंच नाव नव्हतं.

मी रेकॉर्डर काढला आणि त्यांचं पूर्ण नाव विचारलं.