रॉड की प्लेट? नडगीच्या खालच्या टोकाचा इतिहास

नेकनूर परिसरात कुणाचा पाय मोडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : रॉड टाकला का प्लेट बसवली? आज या प्रश्नाचा इतिहास बघू. माझं म्हणणं आधीच सांगतो. हा इतिहास हाडाइतकाच कातडीचा आहे.

घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला हात लावून बघा. तिथे मांस नाही. कातडी, आणि खाली लगेच हाड. रक्तपुरवठाही तोकडा. म्हणून इथलं फ्रॅक्चर उशिरा जुळतं आणि जखम लवकर चिघळते. मोड घोट्याच्या सांध्यात शिरला तर त्याला पिलॉन म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बत्ता. उंचावरून पडलं की वरचं नि खालचं हाड खलबत्त्यासारखं एकमेकांवर आपटतं.

१९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये एओ हा सर्जनांचा गट स्थापन झाला. त्यातल्या रुएडी आणि आल्गोवर यांनी १९६९ मध्ये पिलॉनवर प्लेट बसवून मिळालेले चांगले निकाल मांडले. पण त्यांचे बरेचसे रुग्ण बर्फावर घसरून पडलेले होते. हीच शस्त्रक्रिया पुढे गाडीच्या अपघातात चिरडलेल्या, सुजलेल्या पायांवर झाली, तेव्हा टाके उसवले, पू झाला, काहींचे पायही गेले. शेवटी १९९९ च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्जनांनी टप्प्याटप्प्याची पद्धत मांडली : आधी बाहेरून चौकट लावून पाय स्थिर करायचा, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबायचं, मगच प्लेट. बाहेरच्या चौकटीत आपलाही वाटा आहे. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' ही साधी, हलकी चौकट देशभर वापरली गेली.

दुसरी वाट रॉडची. जर्मनीत क्युन्चरने १९३९ मध्ये मांडीच्या हाडात रॉड घातला. नडगीच्या खालच्या टोकाला मात्र अडचण आली. तिथे हाडाची पोकळी नरसाळ्यासारखी रुंद होते, रॉड हलतो. आडवे स्क्रू टाकून तो पक्का करायची युक्ती सत्तरच्या दशकात रुळू लागली.

मग चांगलं काय? ब्रिटनमधल्या २८ रुग्णालयांत, सांध्यात न शिरलेल्या फ्रॅक्चरच्या ३२१ रुग्णांवर तुलना झाली. निकाल २०१७ मध्ये आला. तीन महिन्यांनी रॉडवाले थोडे पुढे होते. सहा महिन्यांनी दोघांत ठळक फरक उरला नाही.

आता हे आपल्याकडे आणून बघा. कोयत्याची उचल घेतलेल्या ऊसतोड मजुराला ते तीन महिनेसुद्धा महाग असतात. म्हणून त्याने डॉक्टरांना जरूर विचारावं, "पाय टेकवायला कधी देणार?" पण सूज उतरायची वाट बघत डॉक्टर आठ-दहा दिवस थांबले, तर "इथं काही करीनात" म्हणून पेशंट उचलून नेऊ नका. ते थांबणं हयगय नसते. तीस वर्षांच्या अपयशातून आलेलं ते शहाणपण आहे. हाड उघडं पडलं असेल तर मात्र जखम धुणं आणि अँटिबायोटिक लगेच. तिथे वाट बघायची नाही.