दळणाची पहाट

पूर्णेच्या खोऱ्यातले केदारखेडा आणि भोकरदन तालुक्यातली आजूबाजूची गावे ज्वारी-बाजरी खाणारी. ज्वारीचे पीठ फार दिवस पडून राहिले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीचे पीठ तर लवकर कडवट होते. त्यामुळे गिरणी येण्याआधी दळण साठवून ठेवण्यात अर्थ नव्हता. लागेल तेवढे पहाटे जात्यावर ओढायचे, हा घराघरातला नेम होता.

हाताने फिरवायचे गोल जाते दख्खनमध्ये सातवाहनकाळापासून दिसते. नेवाशाच्या उत्खननात इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या थरांमध्ये अशी जाती सापडली. त्याआधी धान्य सपाट दगडावर रगडले जाई. मराठवाड्यात जाते घडवायला काळा पाषाण हाताशीच होता. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडेभरडे पडे, मग पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेत.

दळायला बहुधा दोघी समोरासमोर बसत. सासू-सून नाहीतर जावा-जावा. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एक मोकळ्या हाताने दाण्यांचा घास टाकी. जाते फिरू लागले की त्या लयीवर ओवी सुरू होई. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईवडिलांच्या, भावाच्या, लेकरांच्या. सासरचा जाच, नवऱ्याचा अबोला, माहेरची न झालेली फेरी हे एरवी ओठांवर न येणारे सारे इथे बोलता येई. या कामाला विरंगुळा म्हणणे म्हणजे त्या बायकांच्या खांद्यांची थट्टाच. दिवसभराच्या रगाड्याआधी मन हलके व्हायचे ते ओवीमुळे, कष्टामुळे नव्हे.

काम करताना ओवी गाण्याची ही प्रथा जुनी असल्याची साक्ष कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मिळते. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे 1290 च्या ज्ञानेश्वरीच्या रचनेआधीपासून ओवी बायकांच्या तोंडी होती. पुढे गंगाखेडच्या जनाबाईच्या नावाने जी कथा रूढ झाली, तिच्यात विठ्ठल स्वतः दळू लागतो. देवाला हात लावायला बोलवावे इतके हे काम जड आणि नित्याचे होते.

जाते मागे पडले ते विसाव्या शतकात. आधी तेलाच्या इंजिनावर आणि वीज पोचल्यावर मोटारीवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या. पहाटेची तास-दोन तासांची मेहनत वाचली, त्याबद्दल कोणत्याही बाईने हळहळ करण्याचे कारण नव्हते. ओवीला मात्र तिची रोजची बैठक उरली नाही.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरात 1996 साली ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. राम-विठ्ठलाला आळवणाऱ्या या प्रकारात नवा नायकही सहज सामावला. 2017 पासून हा संग्रह ‘पारी’ या डिजिटल नियतकालिकातून प्रसिद्ध होऊ लागला.

आज अनेक घरांत जाते लग्नापुरते बाहेर निघते. ते धुऊन पुजतात, सुवासिनी त्यावर हळद दळतात आणि जुन्या ओव्या आठवणारी एखादी म्हातारी असेल तर तिला मुद्दाम पुढे बसवतात.