शालेय पोषण आहार : शिध्यापासून शिजवलेल्या अन्नापर्यंत (विशेष संदर्भ : नागपूर-विदर्भ)

शालेय आहाराच्या इतिहासात मुलाचा घास घरी सुरक्षित राहतो की शाळेत, हा प्रश्न मध्यवर्ती आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी पोषण आहार कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात प्रारंभी ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किलो तांदूळ मिळे. हा तांदूळ कुटुंबाच्या सामायिक शिध्यात मिसळे. त्यातील मुलाच्या ताटात किती आला, हे शाळेस कळत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न शाळेतच देण्याचा आदेश दिला. त्यानंतर खिचडी शाळेत शिजू लागली व तो घास मुलाचा झाला.

उरलेल्या दिवसांची जबाबदारी मात्र घराकडेच राहिली. तीव्र उन्हाळ्यामुळे नागपूरसह विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनअखेरीस उघडतात. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही आहार देण्यास सांगितले, ते याच उणिवेमुळे. म्हणून या योजनेच्या मूल्यमापनात सुटीतील घरच्या ताटाचाही विचार व्हावयास हवा.