हिमावरील तिसरें चाक

मलकापुरास वैशाखांत रस्त्याचें डांबर मऊ होतें. तेथें दुचाकीवर बाप, आई आणि मध्यें पोर असें कुटुंब बाजारास निघालेलें पाहून कोणास नवल वाटत नाहीं. पण हेंच कुटुंब गोठलेल्या वाटेनें नेणें म्हटलें, कीं तो सुखवस्तु लोकांचा चाळा वाटतो. इतिहास पाहतां गोष्ट उलट आहे; थंड मुलखांत हें वाहन बर्फावर गेलें तें बहुतांशीं गरजेपोटीं.

दुचाकी उभी राहते ती चाक रस्त्यास धरून असतें म्हणून. तोल जाऊं लागला कीं चालक किंचित् वळण घेऊन सांवरतो. बर्फावर ती पकडच नाहींशी होते. वऱ्हाडची बैलगाडी चिखलांत रुतेल, पण तिची बैठक रुंद असल्यामुळें सहसा आडवी पडणार नाहीं. मोटारसायकलीस अशी बैठक साइडकारनें दिली. इंग्लंडांत १९०३ च्या सुमारास ही युक्ति निघाली. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं बी. एम. डब्ल्यू. आर ७५ आणि झुंडाप के. एस. ७५० या गाड्यांत साइडकारच्या चाकासही एंजिनाचें बळ दिलें, त्यामुळें त्या चिखलांत व हिमांत चालत. रशियनांनीं एम-७२ ही गाडी काढली, आणि १९४१ मध्यें जर्मन फौजा मॉस्कोवर चालून येतांच तिचा कारखाना उरल पर्वतापलीकडे इर्बिट येथें हलविला. युद्ध सरल्यावर त्याच वंशांतील गाड्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांच्या हातीं आल्या. ज्या साइडकारमध्यें बटाट्यांचीं पोतीं, तिच्यांतच पाहुण्यांकडे निघालेलीं मुलें!

जर्मनींतही युद्धोत्तर काळांत मोटार घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती. तेथें झुंडापच्या के. एस. ६०१ या गाडीस ‘हिरवा हत्ती’ म्हणत. १९५६ च्या हिंवाळ्यांत एर्न्स्ट लेव्हर्कुस यानें या गाड्यांच्या स्वारांस स्टुटगार्टजवळ सोलिट्यूड येथें बोलाविलें. हत्तींचा हा मेळा पुढें वाढत गेला, आणि १९८९ पासून बव्हेरियाच्या अरण्यांत थुर्मान्सबांग-सोला येथें भरूं लागला. मोटारी स्वस्त झाल्यावरच गरजेचा असा खेळ झाला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

हिंदुस्थानांत साइडकार फारशी डोंगर चढली नाहीं. १९५५ मध्यें मद्रासेस बुलेट तयार होऊं लागली ती सैन्याच्या गरजेमुळें, सरहद्दीवरील गस्तीसाठीं. आणि १९६० मध्यें सीमा सडक संघटना स्थापन झाली. तिनें राखलेल्या वाटांनीं आतां मैदानी मुलखांतील कुटुंबेंही लदाखास जातात. खार्दुंग ला खिंड सुमारें ५,३५९ मीटर उंच आहे. दुपारीं वितळलेलें पाणी रात्रीं रस्त्यावरच गोठतें, आणि पहांटे त्याची कांचेसारखी पातळ थर धुळींत दिसतही नाहीं. चालकाचें अंग हालचालीनें थोडें ऊबदार राहतें. मागें निश्चल बसलेलें मूल वाऱ्यानें आधीं गारठतें, आणि हवा विरळ असल्यानें डोकें दुखूं लागलें तरी तें नीट सांगूं शकत नाहीं. अशा वेळीं चाकांपेक्षां मुलाच्या मुद्रेकडे पाहणारा बाप शहाणा म्हणावा.

३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगखालून सुमारें ९ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला. लाहौलास जाण्यासाठीं आतां तो बर्फाळ घाट चढावा लागत नाहीं. तरीही हौसेनें जुन्या वाटेस लागणारे आहेतच.