वाचनालय फाटकाबाहेर हवे

दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली तेव्हा फाळणीला जेमतेम चार वर्षे झाली होती. २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. जागा होती जुन्या दिल्लीच्या स्टेशनाजवळची, महायुद्धातल्या सैनिकांसाठी चालवलेल्या वेव्हेल कँटीनची. युनेस्को आणि भारत सरकार यांचा हा संयुक्त प्रयोग. वर्गणी नव्हती. चिठ्ठी देऊन खिडकीपाशी ताटकळायचे नव्हते. वाचक थेट कपाटाशी जाई, पुस्तक काढी, दोन पाने चाळी, नको असेल तर परत ठेवी. त्याच छताखाली नवसाक्षरांसाठी पुस्तके, चर्चामंडळे, व्याख्याने, चित्रपट आणि नाटकेही होती. आपले पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) ही अभिमानाची ठिकाणे खरीच, पण ती वर्गणीदारांच्या बळावर वाढली. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याच्यासाठी दिल्लीने दार उघडले, आणि माझ्या मते या प्रयोगाचे मोल तिथे आहे.

यमुनेपलीकडे या मोलाचा कस लागतो. आणीबाणीच्या काळात झोपड्या हटवून माणसे त्रिलोकपुरीत आणून वसवली गेली. पुढे तिच्या शेजारीच डीडीएचे (दिल्ली विकास प्राधिकरणाचे) फ्लॅट आणि सहकारी गृहसंस्था यांचे मयूर विहार उभे राहिले. २००९ मध्ये मेट्रोही आली. या शेजाऱ्यांनी एकत्र बसावे कुठे? कोणी म्हणेल, सोसायट्यांची सभागृहे आहेत, तिथे पुस्तकांचे कपाटही ठेवता येते. येते, पण फाटकावर आधी ‘किस फ्लॅट में जाना है?’ असे विचारले जाते आणि त्रिलोकपुरीच्या मुलाकडे त्याचे उत्तर नसते. फिरत्या वाचनालयाच्या गाडीचा दाखलाही दिला जातो. गाडी पुस्तक देते, बसायला जागा देत नाही.

मोबाइलवर सगळे मिळते, हा आक्षेप तर दिल्लीतल्या पाट्याच खोडून काढतात. गल्लोगल्ली ‘लायब्ररी’ लिहिलेले असते. आत मात्र प्लायवूडने आडोसा केलेली टेबले, चार्जिंगचा पॉइंट आणि महिन्याची फी. स्पर्धा परीक्षेची मुले पैसे मोजतात ते शांत खुर्चीसाठी. मागणी सरली असती तर हा धंदा चाललाच नसता.

मग अडते कुठे? कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला; मद्रासने १९४८ मध्ये मालमत्ता कराला ग्रंथालय उपकर जोडला, म्हणजे वाचनालय हे घरपट्टी भरणाऱ्याच्या हक्काचे झाले. दिल्ली पब्लिक लायब्ररी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या अनुदानावर चालते, त्यामुळे वॉर्डातल्या नगरसेवकाला तिच्याबद्दल जाब विचारता येत नाही. जागा नाही ही सबबही मला पटत नाही. दिल्लीच्या वस्त्यांत सरकारी बारातघरे आहेत, आणि लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी त्यांतल्या खुर्च्या भिंतीशी रचून ठेवलेल्या असतात.