मेंडेल व्हिएन्नाहून परत आला तेव्हा

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मुंबईत राहून नेटची तयारी केली, जेआरएफ थोडक्यात हुकली, रूमचं भाडं परवडेना म्हणून आता गावी परत चाललाय. शेवटचं वाक्य होतं, "दादा, गावी गेलं की रिसर्चचा विषय संपलाच ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण गेल्या जूनपासून मी स्वतः तासगाव तालुक्यातल्या आमच्या घरी आहे. फेलोशिपची मुदत संपली, थिसिसचे दोन चॅप्टर राहिले, आणि पैशाविना मुंबईत राहणं शक्य नव्हतं. पहिले तीन महिने मी एक पानही लिहिलं नाही. लॅपटॉप उघडायचा, फाइल बघायची, बंद करायचा. त्यामुळे त्याचा प्रश्न हा माझाही प्रश्न होता.

अशा वेळी लोक न्यूटनची गोष्ट सांगतात. प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं, तो घरी गेला आणि शांततेत त्याला सगळं सुचलं. ही गोष्ट ऐकून मला तरी उलट त्रासच झाला. शांतता माझ्याकडेही होती, सुचत मात्र काही नव्हतं. मला उपयोगी पडली ती ग्रेगोर मेंडेलची गोष्ट. वाटाणे आणि 3:1 हे गुणोत्तर आपण बारावीपासून पाठ केलेलं असतं. पण ते वाटाणे त्याने नेमके कधी लावले, हे पुस्तकात सहसा नसतं. मोठ्या शहरातून परत आल्यावर लावले.

नापास झालेला मास्तर

मेंडेलचा जन्म 1822चा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या हिन्चित्से या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले, तेव्हा पोराच्या शिक्षणाचे वांधे झाले. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा दिला म्हणून त्याचं पुढचं शिक्षण झालं. 1843 मध्ये तो ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. खेड्यातलं घर सुटलं आणि मठ हेच त्याचं घर झालं.

धर्मगुरू म्हणून आजारी माणसांना भेटायला जाणं त्याला झेपेना, तो स्वतःच आजारी पडायचा. म्हणून 1849 मध्ये त्याला शेजारच्या गावात बदली शिक्षक म्हणून पाठवलं. शिकवायचा छान, पण कायम व्हायचं तर सरकारी परीक्षा पास व्हायला हवी. आपल्याकडे सेट-नेटशिवाय तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची जी अवस्था असते, साधारण तीच. 1850 मध्ये त्याने परीक्षा दिली आणि नापास झाला. भौतिकशास्त्रात ठीक होता, प्राणिशास्त्राच्या उत्तरांवर परीक्षक नाखूश होते.

यानंतर मठाधिपती सिरिल नाप यांनी त्याला मठाच्या खर्चाने व्हिएन्ना विद्यापीठात पाठवलं.

व्हिएन्नाची दोन वर्षं

ब्रनो ते व्हिएन्ना अंतर साधारण पुणे-सातारा इतकं. 1839 पासून रेल्वेही होती. पण फरक फार मोठा होता. व्हिएन्ना ही साम्राज्याची राजधानी. 1851 ते 1853 मेंडेल तिथे होता. वय 29 ते 31, म्हणजे आपल्यापैकी अनेक जण पीएचडीच्या मध्यावर असतात ते वय.

तिथे भौतिकशास्त्राला ख्रिस्तियान डॉप्लर होता. हो, डॉप्लर परिणामवाला तोच. त्याच्यानंतर आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन आला, ज्याने गणितातल्या संयोगांवर पुस्तक लिहिलं होतं. वनस्पतिशास्त्राला फ्रान्त्स उंगर होता. वनस्पती पेशींनी बनलेली असते आणि तिच्यातल्या घडामोडींना भौतिक कारणं असतात, अशा पद्धतीने तो शिकवायचा.

थोडक्यात, मेंडेल वनस्पतींबद्दल माहिती गोळा करून परतला असं म्हणणं अपुरं आहे. तो भौतिकशास्त्रज्ञाची सवय घेऊन परतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायची, आणि आकड्यांमागे साधा नियम आहे का ते बघायचं.

पदवी मात्र घेतली नाही. 1856 मध्ये तो परत व्हिएन्नाला परीक्षेला गेला, ती अर्धवट राहिली, आजारी पडून घरी आला. ब्रनोच्या शाळेत तो 1868 पर्यंत शिकवत होता आणि शेवटपर्यंत बदली शिक्षकच राहिला. बाहेरून बघणाऱ्याला हे सरळ अपयश दिसलं असतं. राजधानीत जाऊन आला, आणि परत जिथल्या तिथे.

प्रश्न ब्रनोतच होता

इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. मेंडेलचा प्रश्न त्याला व्हिएन्नात सापडला नाही. ब्रनोत तो आधीपासून होता.

ब्रनो हे लोकर आणि कापडाचं शहर. लोकर चांगली हवी तर मेंढी चांगली हवी, म्हणून आसपासचे मेंढीपालक जातिवंत नर-मादी निवडून पैदास करायचे आणि त्यावर सभा घेऊन वाद घालायचे. नाप स्वतः या सभांना असायचे. 1830च्या दशकातच त्यांनी मुद्दा मांडला होता की पैदास कशी करायची यावर बोलण्यापेक्षा खरा प्रश्न वेगळा आहे: वारशाने नेमकं काय येतं, आणि कसं येतं? फळझाडांच्या जातींबद्दलही हेच कुतूहल होतं.

मेंडेल मठात आला तेव्हा हा प्रश्न तिथल्या हवेत होता. पण तो सोडवायची पद्धत तिथे कुणाकडे नव्हती. पद्धत व्हिएन्नात होती, आणि तिथे मेंढ्यांच्या लोकरीची कुणाला एवढी काळजी नव्हती. परत आलेल्या माणसाकडे दोन्ही एकत्र आले. माझ्या मते त्याच्या सर्जनशीलतेचं कारण हे आहे. मठातली शांतता, बागेतली हवा वगैरे नंतर.

परतल्यावर त्याने काय केलं

आधी दोन वर्षं त्याने 'काहीच' केलं नाही. म्हणजे बियाणं विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे 34 वाण मागवले आणि ते पिढ्यान् पिढ्या तसेच उगवतात का, एवढंच तपासलं. त्यातले 22 प्रयोगासाठी ठेवले. आजच्या भाषेत ही दोन वर्षं नुसतं व्हॅलिडेशन. प्रोग्रेस रिपोर्टमध्ये काय लिहायचं असा प्रश्न पडला असता.

जमीन किती? मठाच्या आवारातला साधारण 35 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद तुकडा. आमच्या भागात एवढ्या जागेत गोठा आणि परसबाग बसते. शिवाय एक काचघर होतं.

मग सात लक्षणं निवडली. बी गोल की सुरकुतलेली, आतून पिवळी की हिरवी, झाड उंच की बुटकं अशी, म्हणजे बघताक्षणी हे किंवा ते असं ठरवता येईल अशीच. 1856 पासून संकर सुरू झाले. कळी उमलायच्या आत उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. आठ वर्षांत सुमारे 28,000 झाडं.

पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल आल्या. हे त्याच्या आधीच्या लोकांनीही पाहिलं होतं. संकर करणारे बरेच होते आणि गेर्टनरसारख्यांचे प्रयोग तर हजारोंनी होते. पण ते सहसा संततीचं एकूण वर्णन करायचे. मेंडेलने दुसऱ्या पिढीतली प्रत्येक बी मोजली. 253 संकरित झाडांपासून 7,324 बिया, त्यातल्या 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेल्या. गुणोत्तर 2.96:1. रंगाच्या बाबतीत 6,022 पिवळ्या आणि 2,001 हिरव्या, म्हणजे 3.01:1.

बहुतेक जण इथेच थांबले असते आणि पेपर लिहिला असता. मेंडेलने पुढची पायरी घेतली, आणि ती मला या संपूर्ण कामातली सर्वांत सुंदर वाटते. त्याने त्या गोल बियांपैकी 565 झाडं वाढवली. 193 झाडांना फक्त गोल बिया आल्या, 372 झाडांना दोन्ही प्रकारच्या. म्हणजे जवळजवळ 1:2. दिसायला सारख्या असलेल्या गोल बिया आतून दोन प्रकारच्या होत्या. 3:1 च्या पोटात 1:2:1 लपलेलं होतं. हे डोळ्यांना दिसत नाही, पुढची पिढी लावून मोजल्यावरच कळतं. आणि दोन प्रकारचे घटक योगायोगाने जोडले जातात असं मानलं तर नेमका हाच आकडा येतो, हे सुचायला संयोगांचं गणित डोक्यात असावं लागतं. व्हिएन्ना इथे कामाला आलं.

घरी जे मिळालं नाही

आता दुसरी बाजू. ती न सांगता तुम्हाला 'गावी जा, सगळं छान होईल' म्हणणं बरोबर नाही.

8 फेब्रुवारी आणि 8 मार्च 1865 रोजी मेंडेलने ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात हे काम वाचून दाखवलं. 1866 मध्ये ते मंडळाच्या वार्षिकात छापून आलं. त्याने 40 प्रती वेगळ्या काढून घेतल्या आणि काही शास्त्रज्ञांना पाठवल्या. नीट पत्रव्यवहार झाला तो म्युनिकच्या नेगेलीशी. त्यालाही यातलं मोठेपण कळलं नाही. नेगेलीचा अभ्यास हायरेशियम नावाच्या वनस्पतीवर होता. मेंडेलनेही तिच्यावर बरीच वर्षं घालवली, डोळे शिणवले, पण वाटाण्यासारखे निकाल काही येईनात. या वनस्पतीत पुष्कळदा फलनाशिवायच बी तयार होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

1868 मध्ये तो मठाधिपती झाला, कारभारात आणि पुढे सरकारशी कराच्या भांडणात अडकला. 1884 मध्ये गेला. 1900 मध्ये द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक यांच्यामुळे त्याचं काम पुन्हा उजेडात आलं. म्हणजे पेपर छापल्यावर 34 वर्षांनी.

घराने त्याला प्रश्न दिला, जमीन दिली, आठ वर्षांचा वेळ दिला. पण काम समजणारा वाचक दिला नाही. गावी परतणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच धरून चालावं.

आप्पांची वही

माझं सांगतो. माझा थिसिस हरभऱ्याच्या मर रोगात कुठल्या जनुकांचं काम बदलतं यावर आहे, सगळं काम कॉम्प्युटरवर. घरी द्राक्षबाग. आप्पा बरीच वर्षं फवारणीची वही ठेवतात: तारीख, औषध, प्रमाण, पाऊस. त्यांचं ठाम मत असं की ओढ्याकडच्या ओळींत डाऊनी आधी येतो. सप्टेंबरमध्ये ते सहज म्हणाले, "एवढं शिकलाईस, तर बघ की वहीत खरं हाय का."

चार दिवस वही टाइप करत बसलो. मग लक्षात आलं की या वहीतून उत्तर मिळणारच नाही. जिथे रोग दिसला तिथलीच नोंद होती. रस्त्याकडच्या ओळी त्या दिवशी बघितल्या होत्या का, आणि बघून 'नाही' आढळलं होतं का, हे कुठेच नव्हतं. मेंडेलने फक्त सुरकुतलेल्या बिया मोजल्या असत्या आणि गोल सोडून दिल्या असत्या, तर जे झालं असतं ते.

म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही ओढ्याकडची 20 आणि रस्त्याकडची 20 झाडं ठरवून घेतली. दर तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी बघायची, रोग नसला तरी 'नाही' लिहायचं. आई म्हणते, "नसलेलं काय लिहिताय बापलेक?" निकाल सांगण्याइतका डेटा अजून नाही, आणि एका बागेवरून फार काही सांगताही येणार नाही.

पण याच 'नाही'च्या रकान्यामुळे मी एका रात्री थिसिसचा तिसरा चॅप्टर उघडला. तिथे मी बदललेल्या जनुकांची यादी दिली होती. एकूण किती तपासली, त्यातली किती बदलली नाहीत, हे कुठेच धड लिहिलं नव्हतं. आप्पांच्या वहीतली चूक माझ्याच चॅप्टरमध्ये होती. गाइडच्या दोन मीटिंगमध्ये ती सुटली होती. तो चॅप्टर मी नव्याने लिहिला, आणि तेव्हापासून लिहिणं थांबलेलं नाही. लाइट जाते, पाहुणे येतात, 'लग्नाचं काय' हे तर रोजचंच. तरी रोज पान-दोन पानं होतात.

ज्युनिअरला पाठवलेलं उत्तर

शेवटी त्याला तीन गोष्टी लिहिल्या. एक, मुंबई सोडायच्या आधी तिथे शिकलेल्या पद्धती कागदावर काढ: काय मोजता येतं, कुठलं सॉफ्टवेअर येतं, कुठलं विश्लेषण स्वतः करता येतं. विषय विसरला तर पुन्हा वाचता येतो, हाताची सवय गेली की अवघड होतं. दोन, गावी गेल्यावर पहिला महिना लोक कशावरून वाद घालतात ते ऐक आणि लिहून ठेव. पाण्यावरून, बियाण्यावरून, दुधाच्या फॅटवरून, कशावरूनही. तीन, तुझं लिखाण वाचून चूक दाखवतील अशी दोन माणसं आत्ताच ठरव आणि दर महिन्याला त्यांना काहीतरी पाठव. ही तिसरी गोष्ट मेंडेलला नीट जमली नाही, आपल्याकडे फोन आहे.

त्याचं उत्तर आलं, "दोघांपैकी एक तुम्ही व्हाल का?" हो म्हणालो. माझा बदललेला तिसरा चॅप्टर त्यालाच पाठवलाय.