बोरूपासून संगणकापर्यंत : बैठे काम आणि घरचा व्यायाम

श्रोतेहो, मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने साऱ्या आळीत पेढे वाटले आणि प्रत्येकीला एकच गोष्ट सांगितली : "बसून काम आहे हो त्याला!" पगार किती, पद कोणते, याची चौकशी तिने केलीच नव्हती. उन्हातान्हात कंबर मोडायची नाही, सावलीत खुर्चीवर बसायचे, एवढेच तिला पुरेसे होते. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईला बसणे हे केवढे सुख वाटत असेल, हे तुम्हांला मी सांगायला नको.

पुढे २०२० साली साथ आली. कॉलेजे बंद झाली. वर्ग, परीक्षा, सभा, सारे काही घरच्या संगणकावर आले. सकाळी नऊला खुर्चीवर बसलो की दुपारच्या जेवणाला उठायचे आणि पुन्हा बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. वर्षभरात माझी मान आखडली, उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली. आई म्हणाली, "अरे, नांगर धरणाऱ्या तुझ्या बापाला चाळिशीत असं झालं नव्हतं. तू तर नुसता बसलेला असतोस!"

या बोलण्याला मला उत्तर देता आले नाही. मी पडलो इतिहासाचा मास्तर. तेव्हा उत्तर शोधायला इतिहासाकडेच वळलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या गोष्टीची सुरुवात होते इटलीत, मोदेना नावाच्या गावी. तेथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. एकदा त्यांच्या घरचा शौचकूप उपसायला एक मजूर आला. तो फार घाईने काम उरकीत होता. रामाझ्झिनींनी विचारले, "बाबा रे, इतकी घाई कशाला?" तो म्हणाला, "या कामात चार तासांहून जास्त राहिले तर डोळे जातात." दुसऱ्या एखाद्याने हे ऐकून सोडून दिले असते. या वैद्याने मात्र तेव्हापासून माणसाचा धंदा आणि त्याचे दुखणे यांचा संबंध शोधायला सुरुवात केली. सुतार, कुंभार, परीट, खाणकामगार, सगळ्यांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांनी चौकशी केली आणि १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत "तुझा धंदा कोणता?" हाही प्रश्न वैद्याने विचारला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे आज जगभर मान्य झाले आहे.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती १७१३ साली निघाली. तीत त्यांनी कारकुनांवर एक प्रकरण घातले. कारकुनाच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे दिली : एक, सतत बसणे, दुसरे, हात एकाच दिशेने अखंड चालवणे, आणि तिसरे, हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. श्रोतेहो, संगणकापुढे बसलेल्या माणसाचे वर्णन याहून नेमके काय करायचे? तीनशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने माझी नाडी पाहावी, असे मला वाटले.

त्याच प्रकरणात एका लेखनिकाची हकीगत आहे. जन्मभर लिहून लिहून त्याचा उजवा हात लुळा पडला. गडी हिकमती, त्याने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली. ही हकीगत ध्यानात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्याकडे पाहू. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतली एकूण एक ओळ कोणीतरी मांडी घालून, मान वाकवून, बोरूने लिहिलेली आहे. पण त्या कारकुनाचा दिवस आणि आपला दिवस यांत एक फरक होता. तो जमिनीवर बसे, म्हणजे दर वेळी उठताना साऱ्या अंगाचा भार उचलावा लागे. कचेरीत यायचे ते पायी, पाणी काढायचे ते विहिरीवरून. व्यायाम असा वेगळा करावा लागत नसे. तो दिवसातच मिसळलेला असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला, तालमी घुमू लागल्या. पण तालीम ही तरण्या पोरांची. कारकून, पंतोजी, घरातली सून, यांचे तिथे काय काम?

व्यायाम घरात आणण्याचे मोठे श्रेय आपल्या महाराष्ट्रात औंधच्या राजेसाहेबांकडे जाते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे १९०९ ते १९४७ औंध संस्थानचे अधिपती होते. स्वतः उत्तम चित्रकार. तरुणपणी त्यांनी युरोपातल्या सँडो नावाच्या पहेलवानाच्या पद्धतीने उपकरणे घेऊन व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी नमस्कारांचा प्रसार केला. सूर्यनमस्कार ही काही त्यांनी शोधलेली गोष्ट नव्हे. ती आपल्याकडे आधीपासून होतीच. त्यांचे काम असे की त्यांनी नमस्काराला नीट क्रम दिला, तो संस्थानातल्या शाळांत नेला आणि स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला. १९३६ साली ते विलायतेत गेले, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनाही याचे कुतूहल वाटले आणि १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले.

याचे मर्म काय? उपकरण नको, उस्ताद नको, खर्च नको. माणूस आडवा पडेल एवढी जागा आणि पंधरा-वीस मिनिटे असली की झाले. बैठे काम करणाऱ्या गरिबाला परवडेल असा व्यायाम तो हाच.

सुमारे त्याच काळात दूर देशी आणखी एक गंमत घडली. ती ऐकून आपल्या रेडिओवाल्या मंडळींना बरे वाटेल. १९२५ साली अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने रोज सकाळी रेडिओवरून व्यायामाचे धडे सुरू केले. विमा कंपनीला व्यायामाचा एवढा कळवळा कशाला? अहो, साधा हिशेब आहे : माणूस जितका जास्त जगेल तितके जास्त हप्ते भरील! जपानच्या टपाल खात्याकडेही विम्याचे काम होते. त्यांच्या अधिकाऱ्यांनी ही कल्पना उचलली आणि १ नोव्हेंबर १९२८ पासून जपानच्या रेडिओवर व्यायाम सुरू झाला. पियानोच्या तालावर तीन-साडेतीन मिनिटांच्या हालचाली. महायुद्धानंतर तो काही वर्षे बंद पडला, १९५१ साली नव्या रूपात पुन्हा सुरू झाला आणि आजही तिथे सकाळी साडेसहाला तो लागतो. म्हातारेकोतारे बागेत जमतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे गळ्यात कार्ड अडकवून येतात आणि हजेरीचा शिक्का मारून घेतात. यंत्रापुढे उभे राहून घरच्या घरी व्यायाम करावा, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

आतापर्यंत लोक म्हणत होते की बसणे वाईट. पण त्याला पुरावा काय? तो लंडनच्या बसगाड्यांनी दिला. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांची पाहणी केली. तिथल्या बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटे फाडायला वर-खाली करणारा. तो दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. एकच खाते, एकच गाडी, पण कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होई, आणि झाला तरी सौम्य. हा निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाला. टपाल खात्यातही तेच दिसले : पायी आणि सायकलवर फिरणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुखी. कोणी शंका काढली की ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. मॉरिसनी १९५६ साली गणवेशांची मापेसुद्धा तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचे कमरपट्टे खरेच मोठे होते, म्हणजे शंकेत थोडे तथ्य होते. तरी अनेक वर्षांच्या पुढच्या संशोधनाने मूळ गोष्ट पक्की केली. स्वतः मॉरिस २००९ साली वारले, तेव्हा शंभरीला थोडेच महिने कमी होते.

आता संगणकाकडे येऊ. तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण पहिल्यापहिल्या संगणकांनी माणसाला बसवले नाही, चालवले! अमेरिकेतला 'एनिॲक' १९४६ साली लोकांपुढे आला. तो तीस टनांचा, दालनभर पसरलेला. त्याला काम सांगायचे म्हणजे तारा एका जागेवरून काढून दुसरीकडे खोचाव्या लागत. हे काम सहा तरुण स्त्रिया करीत, आणि ते बसून होण्यासारखे नव्हतेच. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेल्या यंत्राला १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यालाही कागदी पट्टीवर छिद्रे पाडून आज्ञा द्याव्या लागत. पट्टी तयार करा, यंत्रात घाला, उत्तर घेऊन परत या, अशी ये-जा होई.

पुढे यंत्र लहान झाले आणि टेबलावर आले. फाइल, टपाल, हिशेब, ग्रंथालय, सगळे त्याच्या पोटात गेले. यंत्राने माणसाची ये-जा वाचवली. पण तीच तर त्याची कंडक्टरगिरी होती! १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखन करणाऱ्यांच्या हातदुखीच्या तक्रारींचे पेवच फुटले. रामाझ्झिनींचा लेखनिक पुन्हा जिवंत झाला, एवढाच त्याचा अर्थ.

मग कोणी म्हणाले, काम आणि व्यायाम एकत्रच का करू नये? आता या उपायाचा इतिहास बघा. पायांखाली फिरणारी पायचक्की १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनियरने इंग्लंडच्या तुरुंगांसाठी काढली. कैद्याला शिक्षा म्हणून तासन् तास पायऱ्या चढायला लावीत. शिक्षेच्या त्या यंत्राची पणती आज लोक पैसे मोजून घरात आणतात! संगणकापुढे पायपट्टा ठेवून चालत काम करण्याचा प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला, पुढे डॉ. जेम्स लेव्हिन यांनी तो गाजवला. २००७ च्या त्यांच्या पाहणीत १५ स्थूल माणसे ताशी मैलभराच्या संथ चालीने चालत काम करीत होती. बसून तासाला सुमारे ७२ कॅलरी खर्च होत, चालताना १९१. फायदा मोठाच. पण २००९ साली दुसऱ्या संशोधकांनी ताडून पाहिले, तेव्हा चालता चालता टंकलेखन आणि गणित यांत ६ ते ११ टक्के घट दिसली. वाचून समजण्यात मात्र घट नव्हती.

यातून आपण घ्यायचे ते इतके : लिहायचे ते बसून लिहा, वाचणे, ऐकणे, फोनवर बोलणे हे उभ्याने किंवा फिरत करा. महागडा पट्टा नको. ओटी आणि अंगण आहेच. मी स्वतः सकाळी संगणक उघडण्याआधी बारा नमस्कार घालतो. अर्ध्या तासाने उठून पाण्याच्या तांब्यापर्यंत जातो. तांब्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला आहे. विद्यार्थ्यांचे निबंध उंच फडताळावर ठेवून उभ्याने वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा आणि बसणे कमी करावे. दहा लाखांहून अधिक माणसांच्या २०१६ सालच्या अभ्यासात दिसले, की दिवसाला आठ तास बसणाऱ्यानेही तासभर ते सव्वा तास झपझप चालण्यासारखे श्रम केले, तर बसण्याचा धोका बहुतेक धुऊन निघतो. हृदयविकार, रक्तदाब, सांधेदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे सांगायलाच नको.

आता त्या लेखनिकाकडे परत येऊ. त्याची चूक काय झाली? त्याने हात बदलला, काम बदलले नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, दिवसभर शिकवून रात्री माहितीचे तक्ते भरत बसणारे तुमच्यात किती तरी आहेत. त्यांना मी नुसते "नमस्कार घाला" असे सांगितले तर तो डाव्या हाताचा उपदेश होईल. व्यायामाने बसण्याची भरपाई होते. पण एकाच हाताची अखंड राबणूक आणि चुकीचे भय यांची भरपाई होत नाही. त्यासाठी कामाला विसावा पाहिजे, आणि तो काम देणाऱ्यानेच दिला पाहिजे. मोदेनाच्या त्या मजुराला चार तासांनी थांबायचे कळत होते. आपल्याला ते का कळू नये?

आईचे म्हणणेही अर्धेच खरे होते. शेतात राबणाऱ्याची कंबर काय कमी दुखते? फरक इतकाच, की त्याला विसाव्याची गरज असते आणि आपल्याला हालचालीची. शरीराला दोन्ही लागतात.

अलीकडे आई माझ्या खोलीवरून जाताना दारात थांबते आणि विचारते, "अजून बसलाच आहेस का?" ज्या बसण्याचे तिने पेढे वाटले, त्यावरून ती आता मला रागावते. मी मुकाट्याने उठतो. आपणही आता उठावे, चार पावले चालावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.